श्रमदानाचे घर आणि घराचा धनी

घर बांधून देणे हे एक काम आहे आणि एखाद्या कुटुंबास घराचे धनी करणे हे दुसरे. वरवर पाहता पहिले झाले की दुसरे आपोआप झाले असे वाटते. परंतु पक्के घर मिळूनही भाडेकरूच्याच मनःस्थितीत राहिलेली कुटुंबे आढळतात. आणि उलट, नुसत्या जोत्यावर चार पत्रे उभे करून त्यांस मोठ्या अभिमानाने 'आमचे घर' म्हणणारीही आढळतात. प्रस्तुत लेखात या भेदाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी फार दूर जावयास नको. या विषयातील एक मोठा प्रयोग, ज्याचा अभ्यास जगभरच्या स्थापत्यशास्त्रज्ञांनी केला, तो आपल्या इंदुरातच, मुंबई-आग्रा मार्गालगत विजयनगरच्या बाजूस झालेला आहे. त्या वसाहतीचे नाव अरण्य. आपल्यापैकी कित्येकजण त्या रस्त्याने नित्य येतात-जातात. पण तेथे काय घडले हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

इंदुरात गरिबांच्या घरांचा विचार याहूनही जुना आहे. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटलंडच्या नगररचनाकारास येथे पाचारण केले होते, आणि त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. प्लेगच्या त्या दिवसांत गेडिसने दिवाळीच्या सुमारास शहरातून एक मिरवणूक काढविली व तीत अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या प्रतिमा फिरवून शेवटी त्यांचे दहन करविले. रावणदहन पाहण्याची सवय असलेल्या लोकांस स्वच्छतेचा पाठ कसा द्यावा हे त्या परदेशी गृहस्थास चांगले उमगले होते असे म्हणावे लागते. परंतु आपल्या विषयाशी संबंध आहे तो त्याच्या अहवालातील एका साध्या विचाराचा. कुटुंबाची घराकडून मुख्य गरज कोणती, तर जागा. आणि घरात करता येण्याजोगी मुख्य सुधारणा कोणती, तर आणखी थोडी जागा, असे त्याचे म्हणणे होते. भिंत कशाची आहे, छप्पर कशाचे आहे, हे प्रश्न त्याने मागे ठेविले.

त्यानंतर सुमारे पासष्ट वर्षांनी हाच विचार निराळ्या रूपाने पुन्हा इंदुरात आला. कापडगिरण्यांच्या निमित्ताने आणि पुढे व्यापाराच्या ओढीने शहरात आलेली माणसे नाल्यांच्या काठी, गिरण्यांच्या आसपास, सापडेल त्या जागी झोपड्या घालून राहत होती. बेघर किंवा अनधिकृत वस्त्यांत राहणाऱ्या कुटुंबांची संख्या त्या वेळी ५१ हजारांच्या घरात धरली जात असे. एवढ्या कुटुंबांस तयार घरे बांधून देणे सरकारच्या आवाक्याबाहेरचे होते. आणि बांधून दिली तरी त्यांचे हप्ते त्या कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचे ठरले असते. तेव्हा इंदूर विकास प्राधिकरणाने बाळकृष्ण दोशी यांच्या वास्तुशिल्प प्रतिष्ठानाकडे सुमारे ८५ हेक्टर जमिनीचा आराखडा सोपविला. दोशी यांचा जन्म १९२७ साली पुण्यात, लाकूडसामान तयार करणाऱ्या एका गुजराती कुटुंबात झाला. त्यांचे कार्यस्थान अहमदाबाद.

दोशी व त्यांचे सहकारी यांनी प्रथम शहरातील झोपडपट्ट्या नीट न्याहाळल्या. बायका भांडी कोठे घासतात, म्हातारी माणसे दुपारी कोठे बसतात, शिवणयंत्र किंवा लहानसे दुकान घराच्या कोणत्या अंगास मांडले जाते, गल्ली कोठे रुंद होते आणि कोठे अरुंद, याची त्यांनी नोंद घेतली. त्यातून ओट्याचे महत्त्व त्यांच्या ध्यानी आले. ओटा हा घराचा भाग आहे आणि रस्त्याचाही. गरिबाच्या एका खोलीस ओटा मिळाला तर तिची दीड खोली होते, हे आपल्या जुन्या वाड्यांच्या गल्ल्यांतून वाढलेल्या वाचकांस समजावून सांगावयास नको.

आराखडा येणेप्रमाणे होता. सुमारे साडेसहा हजार भूखंड पाडावयाचे. त्यांतील सुमारे ६५ टक्के सर्वांत गरीब कुटुंबांसाठी राखावयाचे. त्यांच्यासाठीचा लहानात लहान भूखंड सुमारे ३५ चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने ३८० चौरस फुटांच्या आसपास. मोठे भूखंड व बाजाराच्या जागा सधनांस नफ्याने विकावयाच्या आणि त्या नफ्याचा भार गरिबांच्या किमतीतून उतरवावयाचा. गरीब कुटुंबास मिळावयाचे ते घर मात्र नव्हेच. त्यास मिळावयाचे एक जोते, शौचकूप व नहाणीघर यांचा लहानसा गाभा, पाण्याचा नळ, सांडपाण्याची सोय आणि विजेची जोडणी. ज्याची ऐपत थोडी अधिक, त्यास एखादी खोलीही. वीस-वीस घरांच्या गटामागे एक मलकुंड. पुढचे सर्व ज्याचे त्याने करावयाचे. काय काय करता येईल हे लोकांस डोळ्यांनी पाहता यावे म्हणून दोशी यांनी एका खोलीपासून ऐसपैस घरापर्यंत अशी ८० नमुन्याची घरे उभी केली. वीट घ्या, दगड घ्या, काँक्रीट घ्या. जिना पुढून काढा वा मागून. सक्ती कशाचीच नव्हती. १९८९ पर्यंत हे काम उभे राहिले. १९९५ साली त्यास आगाखान स्थापत्य पुरस्कार मिळाला, आणि २०१८ साली दोशी यांस स्थापत्यातील सर्वोच्च समजले जाणारे प्रित्झकर पारितोषिक मिळाले तेव्हा अरण्यचे नाव पुन्हा जगभर घेतले गेले. २०२३ च्या जानेवारीत दोशी निवर्तले.

आता वाचक विचारतील की, जोते देऊन थांबणे ही कसली मदत? अर्धवट काम करून गरिबास वाऱ्यावर सोडल्यासारखे नव्हे काय?

याचे उत्तर आपल्या माळव्याच्या जमिनीत आहे. येथील काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घालून उभारलेली भिंत दोन-तीन पावसाळ्यांत तडकते. पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो, पायाच्या चरात माती बदलावी लागते, आणि जोत्याच्या माथ्यावर ओल वर चढू नये म्हणून सिमेंटचा थर द्यावा लागतो. हे काम एकदाच आणि सलग करावयाचे असते. गरीब कुटुंब विटा शेकड्याने आणू शकते, जुने पत्रे पडत्या भावाने घेऊ शकते, दिवाळीला मिळालेल्या बक्षिसीतून खिडकीची चौकट बसवू शकते. परंतु पाया कोणी हप्त्याहप्त्याने घालू शकत नाही. मलवाहिनीही कोणा एकट्यास आपल्या दारापुरती टाकता येत नाही. जे एकट्याने होत नाही तेवढे सर्वांनी मिळून करावे आणि जे कुटुंब आपल्या सवडीने करू शकते ते त्याच्याकडेच राहू द्यावे, असा या आराखड्यातील विचार आहे. मला स्वतःस तो फार मोलाचा वाटतो.

वास्तुशांतीच्या निमित्ताने वडिलांबरोबर नव्या वस्त्यांतून जाण्याचा प्रसंग मला वरचेवर येतो. भिंतींस गिलावा नाही, छतातून पुढच्या मजल्यासाठी ठेवलेल्या सळया वर डोकावत आहेत, जिन्याला कठडा नाही, अशा घरांत यजमान सपत्नीक पाटावर बसलेले असतात. 'घर पुरे झाल्यावर शांत करू' असे म्हणणारा त्यांत विरळा. त्या सळया पाहून नव्या माणसास काम अडलेले वाटते. यजमानास मात्र त्या ठिकाणी मुलाची खोली दिसत असते.

आता श्रमदानाकडे वळू. श्रमदान हा शब्द इंदुरास परका नाही. १९६० साली विनोबाजींचा सुमारे महिनाभर येथे मुक्काम होता, तेव्हा शहराच्या सफाईच्या कामात त्यांनी स्वतः हात घातला होता. घरबांधणीत मात्र स्वयंसेवकांच्या श्रमाचा पद्धतशीर उपयोग करणारी म्हणून जगात ओळखली जाते ती 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात १९७६ साली मिलार्ड फुलर व त्यांच्या पत्नी लिंडा यांनी ती स्थापन केली. तिची मूळ पद्धत अशी : घर फुकट द्यावयाचे नाही, नफा घ्यावयाचा नाही, कर्जावर व्याज लावावयाचे नाही, ज्या कुटुंबास घर मिळणार त्याने स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या घरावर ठराविक तास काम करावयाचे, आणि त्याने फेडलेल्या पैशांतून पुढच्या कुटुंबाचे घर उभे करावयाचे. म्हणजे आज मदत घेणारा उद्या फेड करता करता देणारा होतो. दानाने येणारा ओशाळेपणा येथे राहत नाही.

या संस्थेचे एक मोठे शिबिर महाराष्ट्रातही झाले. २००६ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लोणावळ्याजवळ, मळवलीनजीकच्या पाटण गावी, सुमारे दोन हजार स्वयंसेवकांनी आठवड्याभरात शंभर घरे उभारण्याचे काम केले. त्यांत अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर वयाच्या ८२ व्या वर्षी हातोडी घेऊन उभे होते. कार्टर यांच्या मातोश्री लिलियन १९६० नंतरच्या दशकात शांतिसेनेच्या परिचारिका म्हणून मुंबईस विक्रोळीत काम करीत असत, ही गोष्ट आपल्या लोकांपैकी फारशी कोणास ठाऊक नाही, म्हणून येथे नमूद करतो.

अशा शिबिरांची छायाचित्रे पाहून मन भरून येते हे खरे. तथापि हिशेबही पाहावा. लहान घराच्या एकूण खर्चात मजुरीचा वाटा साधारणपणे चौथ्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असतो; बाकी सारा वीट, वाळू, सिमेंट, लोखंड यांचा. मजुरीतही गवंड्याचे काम हौशी माणसाने करू नये. ओळंबा कसा धरावा हे एका आठवड्यात येत नाही, आणि वाकडी भिंत त्या कुटुंबास जन्मभर पाहावी लागते. म्हणून नीट आखलेल्या शिबिरांत पाया व जोते कुशल कामगारांनी आधीच करून ठेवलेले असते. हौशी हातांस उरते ते बिगाऱ्याचे काम : चर खणणे, विटा भिजवून पोहोचविणे, माल कालवून देणे, आणि सर्वांत दुर्लक्षिलेले म्हणजे पाणी मारणे. सिमेंटच्या कामावर किमान आठवडाभर, आणि उन्हाळ्यात छतावर दहा ते चौदा दिवस ओल टिकवावी लागते. नाहीतर उत्तम सिमेंटचेही छत कच्चे राहते. नवराबायको दोघेही पहाटे कामावर जाणाऱ्या घरी दुपारचे पाणी कोण मारणार? शेजारच्या निवृत्त गृहस्थाने दोन आठवडे सकाळ-दुपार बादल्या ओतल्या तर त्याची गणना कोणत्याही अहवालात होणार नाही. छत मात्र मजबूत होईल.

परोपकारी हातांनी सर्वच काम उरकून टाकले म्हणजे काय होते, याचा अनुभव मराठवाड्याने घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपानंतर पुनर्वसनाचे दोन मार्ग चालले. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथे शासनाने आणि देणगीदार संस्थांनी ठेकेदारांकरवी घरे बांधून दिली. ज्या गावांत हानी त्याहून कमी होती, तेथे घरमालकांस टप्प्याटप्प्याने पैसे व अभियंत्यांचा सल्ला देऊन त्यांच्याकडूनच दुरुस्ती व बांधणी करविण्यात आली. अशा घरांची संख्या लाखाहून अधिक होती. नव्या गावांतील सरळ रेषेतल्या रुंद रस्त्यांवर घरे मजबूत होती, परंतु गोठ्याची जागा, अंगण, भाऊबंदांची गल्ली यांचा मेळ बसेना. लोकांनी हळूहळू भोवती पत्र्यांचे आडोसे उभारून आपल्या सोयीची जागा पुन्हा घडविली. देणाऱ्यांच्या हेतूविषयी येथे शंका नाही. त्या आकांतात निवारा त्वरेने देणे अवश्यच होते. तरीही ज्या गवंड्यांनी व घरमालकांनी स्वतःच्या हाताने भूकंपात टिकणारे बांधकाम करून पाहिले, त्यांच्याजवळ ती विद्या राहिली, हा लाभ दुसऱ्या मार्गाचा.

येथवर भिंतींचा विचार झाला. धनीपणाचे खरे मूळ मात्र कागदात आहे. ज्या जागेवरून उद्या उठविले जाण्याची धास्ती आहे, तेथे शहाणा माणूस विटा रचीत नाही. मध्य प्रदेश शासनाने १९८४ साली शहरांतील भूमिहीनांस, ते राहत असलेल्या लहान जागेचे पट्टे देण्याचा कायदा केला, त्यामागे हेच तत्त्व होते. इंदुरात पुढे हिमांशू पारीख या अभियंत्याच्या योजनेने वस्त्यावस्त्यांतून मलवाहिन्या, रस्ते व पाणी नेण्यात आले, आणि त्या कामासही १९९८ साली आगाखान पुरस्कार मिळाला. तिच्या देखभालीविषयी नंतर पुष्कळ टीका झाली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. तरी दारात रस्ता आणि हातात पट्टा आला म्हणजे लोक आपल्याच पैशाने घराला हात घालतात, हे कोणत्याही जुन्या वस्तीत फिरून पाहता येते. पट्ट्यावर किंवा नोंदीत घरच्या बाईचे नाव असणे हेही तितकेच महत्त्वाचे. व्यसनी नवऱ्यास जागा परस्पर गहाण टाकता येत नाही, आणि वैधव्य आले तरी दीर-भावजयांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

अरण्यविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. मूळच्या अनेक गरीब धारकांनी आपले भूखंड पुढे विकले. शहर त्या बाजूने वाढले, जमिनीचे भाव चढले, मध्यमवर्गीय कुटुंबे आली, मजले चढले. नमुन्याच्या घरांपैकी कित्येक आता ओळखूही येत नाहीत. मग प्रयोग फसला काय? माझे मत असे की, ज्याने विकले त्यानेही धनी म्हणून विकले; झोपडी पाडली गेली असती तर त्याच्या हाती काहीच आले नसते. तरीदेखील आजारपण वा कर्ज यांच्या रेट्याने विकून जो पुन्हा नाल्याच्या काठी गेला असेल, त्याच्या बाबतीत हे समाधान अपुरे आहे. घर विकावे की ठेवावे हा निर्णय संकटाच्या आठवड्यात घ्यावा लागू नये, एवढे जरी शेजाऱ्यांस करता आले तरी पुष्कळ.

आणि हे करण्याची संधी अजून सरलेली नाही. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी विभागात ज्याच्याजवळ स्वतःची जागा वा पट्टा आहे त्याने स्वतः घर बांधावयाचे आणि शासनाने साहाय्य द्यावयाचे, असा एक प्रकार ठेविला गेला. त्यात केंद्राचे दीड लाख आणि आपल्या राज्याचे एक लाख रुपये मिळत. तत्त्व अरण्याचेच, पण येथे जोतेही ज्याचे त्याने घालावयाचे. पैसा एकदम येत नाही. काम एका टप्प्यापर्यंत आले, त्याचे छायाचित्र घेतले गेले, तपासणी झाली, म्हणजे पुढचा हप्ता. या दोन हप्त्यांच्या मधल्या काळातच गरीब कुटुंब सापडते. भिंती उभ्या आहेत, छत नाही. भाड्याच्या खोलीचे भाडे चालू आहे. सिमेंटवाला उधारी देत नाही. आणि सावकार मात्र दारातच उभा असतो. तीन रुपये शेकडा दरमहाच्या व्याजाने उचललेले चाळीस हजार हे घराच्या सबंध लाभावर पाणी फिरवू शकतात. महिन्याचे व्याजच बाराशे रुपये होते. तपासणी चार महिने लांबली तर नुसत्या व्याजापायी जवळजवळ पाच हजार जातात, आणि मुद्दल आहे तसेच राहते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी धुणेभांडी करणारी, पोळ्या करणारी, दुकानात माल वाहणारी माणसे येतात. त्यांच्यापैकी कोणाचे घर सध्या जोत्यावर आहे आणि कोणाचे छतावाचून थांबले आहे, हे एकदा आस्थेने विचारून पाहावे. घर बांधून देण्याची ऐपत आपल्यापैकी फार थोड्यांची. पण अर्ज नीट लिहून देणे, पट्ट्याची व पावत्यांची दुसरी प्रत जपून ठेवावयास सांगणे, ओळखीच्या अभियंत्यास पाया भरण्यापूर्वी एकदा चर दाखविणे, आणि पुढचा हप्ता येईपर्यंत चार-पाच कुटुंबांनी मिळून बिनव्याजी हातउसने देणे, एवढे बहुतेकांस जमण्यासारखे आहे. हातउसने देताना फेडीची तारीख लिहून घ्यावी, त्यात संकोच नको. ती रक्कम परत आली तरच पुढच्या घरी जाईल. ही बांधकामे आपल्याकडे बहुधा माघापासून सुरू होतात आणि वैशाखात छतापाशी येऊन अडतात. ज्येष्ठाच्या अखेरीस पाऊस येतो. मधल्या तीन-चार आठवड्यांतच छत पडते, नाहीतर ते दिवाळीनंतरवर जाते आणि उघड्या भिंती पावसाळाभर भिजत राहतात.